उशाशी बटण

भावाने अख्खं घर एका तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला जोडलं होतं. आईच्या उशाशीही बटण बसवलं. दाबलं की वरच्या मजल्यावर त्याचा फोन वाजणार. माहेरी आलेल्या बहिणीने कौतुकाने दाबून पाहिलं. कोणी फिरकलं नाही. वायरीचा माग काढला, तर कॉम्प्युटरपाशी तिचं टोक मोकळंच लोंबत होतं. तिची जागा आईच्या खिडकीतल्या बोन्सायने पटकावली होती. माती सुकली की भावाचा फोन वाजवणारा सेन्सर तिथे जोडलेला.

"आई, अगं तुला काही झालं तर?"

"ओरडू नकोस. बोलावते त्याला." आईने सवयीने हात लांबवून कुंडीतला सेन्सर उपटला आणि चादरीला पुसून कोरडा केला.

भाऊ जिन्यावरून धावतच आला. हातात झारी होती.