काचेची वाटणी

शेवटी काच साफ झाली. दोन्ही बाजूंची, या कडेपासून त्या कडेपर्यंत लख्ख. पण ते अजून झालेलंच नाही असं धरून चालू. कारण धानोऱ्याहून निघालेल्या त्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये समोरचं कोणाला दिसत नव्हतं आणि शेजारचं कोणाला पाहायचं नव्हतं.

गाडी गुणवंतराव चालवत होता. शेजारी धाकटा भाऊ देवराव. दोघांच्या मध्ये, समोरच्या काचेवर वरून खालपर्यंत चुन्याची रेघ. तेंदूपत्त्याच्या ठेक्यात बापाने घेतलेली ही गाडी आता दोघांची अर्धी-अर्धी होती. गडचिरोलीच्या कचेरीत वाटणीपत्र रजिस्टर होईपर्यंत कोणी कोणाच्या हद्दीत बोट लावायचं नाही, असं ठरलं होतं. स्टिअरिंग थोरल्याच्या वाट्याला आलं, म्हणून तो चालवत होता. धाकट्याच्या वाट्याला गाडीची उघडणारी एकमेव खिडकी आली होती.

आज सह्या झाल्या की जन्मभर एकमेकांचं तोंड पाहायचं नव्हतं. उद्यापासून कचेरीतले साहेब लांब रजेवर जाणार होते. म्हणजे काय ते आजच.

मागच्या सीटवर मावशी बायनाबाई. साक्षीला.

बाहेरचं पावसाचं पाणी वायपर काढत होता, आतून वाफ काच झाकत होती. वाफ धरू नये म्हणून गुणवंतरावाने बिड्या फोडून तंबाखू आपल्या अर्ध्या काचेवर चोळली. देवरावाने आपल्या अर्ध्यावर कपड्याचा साबण फिरवला. एकीकडे पिवळं धुकं जमलं, दुसरीकडे पांढरं.

“खिडकी खाली कर,” गुणवंतराव म्हणाला.

“काऊन?”

“हवा खेळली का काच साफ होते.”

“काच तुही, खिडकी माही. पानी माह्या अंगावर येते.”

“मले रस्ता दिसून नाई राह्यला.”

“मले कुठी पाह्याचा हाये रस्ता? चालवून तू राह्यला.”

“थोडीशी उघड ना रे, देवराव,” मागून बायनाबाई म्हणाली.

“उघडतो ना, मावशी. बोडीखालची बांधी माह्या नावानं कर म्हना त्याले. आत्ता उघडतो.”

बोडीखालची बांधी म्हणजे तलावाच्या पाण्यावर पिकणारी, घरची सगळ्यात चांगली धानाची जमीन. गुणवंतरावाने कोपराने काच पुसली. कोपर ओला झाला, काच तशीच.

“त्या बांधीत पाय ठेवला तं तंगडी तोडीन. आन तू पहिले श्वास घेनं बंद कर. तुह्याच वाफेनं काच झाकून राह्यली.”

“तू थोरला हायेस. पहिला मान तुहा.”

बायनाबाईने दोघांनाही तोंडाला दुपट्टे बांधायला लावले. दुपट्ट्यातूनही शिव्या बाहेर येत होत्या, म्हणजे वाफही येत असणार.

नाल्याच्या रपट्यापाशी, म्हणजे बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलापाशी, गाडी थांबली. रपटा दिसत नव्हता. तो काचेमुळे दिसत नव्हता की पाण्याखाली होता म्हणून, ते आत बसून कळायला मार्ग नव्हता. बायनाबाईने दार उघडून पाहिलं आणि खाली उतरली.

“मले इथीच बसू द्या. पानी कमी होऊ द्या, मंग जाऊ.”

“कचेरी बंद होईन, मावशी,” गुणवंतराव म्हणाला.

“होऊ दे ना.”

“साक्षीदार तिथी एका चहात भेटते,” देवराव म्हणाला. “पन आज सही नाई झाली तं ह्याच्यासंगं आनखी एक पावसाळा काढा लागन.”

या मुद्द्यावर गुणवंतरावाचं दुमत नव्हतं. त्याने गाडी पाण्यात घातली.

गाडी मधोमध जराशी कलली, मग स्थिर झाली. इंजिन बंद पडलं. पावसाचा आवाजही थांबला. आणि काच साफ झाली. आधी उजवी बाजू, मग थोड्या वेळाने डावी.

“पाह्य. तंबाखू,” गुणवंतराव म्हणाला.

“साबन. माह्या बाजूचाच तिकडे ओघळला.”

“माही बाजू पहिले साफ झाली.”

“तुहं सगळं पहिलेच होते. जल्मलाही पहिलेच.”

वाद लांबला. तो आटपेपर्यंत पाऊस गेला, नाल्याचं पाणी ओसरलं, आणि कचेरी आता बंद झाली असणार हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

“झालं तुह्या मनासारखं,” देवराव म्हणाला.

दोघे काठावर आले. बायनाबाई दगडावर बसली होती, तोंडाला पदर लावून. देवरावाने तिला किती वाजले ते विचारलं. ती बोलली नाही. रागावली असणार. तिच्याजवळ एक हवालदार गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होता. गुणवंतरावाने त्याला विचारलं, कचेरी अजून उघडी असेल का. हवालदारानेही उत्तर दिलं नाही. पण हवालदार सहसा देत नाहीत.

“थोरला कोनता, बाई?” हवालदाराने बायनाबाईला विचारलं.

तिने चिखलात पसरलेल्या ताडपत्रीकडे न बघताच बोट केलं. “उजव्या अंगाचा.”

“ताडपत्री एकच हाये. दोघाइले तिच्यातच न्या लागन. भाऊच होते ना?”

“सख्खे,” बायनाबाई म्हणाली.

गुणवंतरावाने देवरावाकडे पाहिलं. देवरावाने गुणवंतरावाकडे. त्यांचं आज दुसऱ्यांदा एकमत झालं. देवरावाने हात जोडले, कचेरीत बोलायला पाठ करून ठेवलेली भाषा काढली आणि दोघांच्या वतीने म्हणाला, “मेहेरबान हवालदारसाहेबांस, आम्ही उभय अर्जदार एकमताने विनंती करतो की, सदर ताडपत्री मधोमध फाडून तिची समान वाटणी करण्यात यावी.”