बरण्यांमधली तोंडं

नवरा गेल्यापासून गोड्या पाण्यातल्या कोळंब्यांच्या जाती ओळखायचं काम ती प्रयोगशाळेत एकटीच करायची. भिंगाखाली कोळंबीच्या डोक्यावरच्या काटेरी चोचेवरचे दात मोजायचे, जात ठरवायची आणि कोळंबी स्पिरिटच्या बरणीत ठेवून द्यायची.

त्या दुपारी तिच्या लक्षात आलं, की झाडून साऱ्या मेलेल्या कोळंब्यांची तोंडं नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे आहेत. तिने बरण्या फिरवून ठेवल्या. जरा वेळाने तोंडं पुन्हा तिकडेच.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, किती दिवस अशी एकटीच बसणार गं?"

ती बोलणार, तोच बरण्यांमधल्या कोळंब्या हळूहळू वळू लागल्या. खुर्चीतून उठून कुणी टेबलाच्या कडेकडेने चालत यावं, तशी त्यांची तोंडं फिरत गेली आणि तिच्या खांद्यामागे बघत थांबली.

"ताई, कोण बोलतंय तिथे?"

मागे न बघता ती बाकावर जराशी सरकली, आणि शेजारी जागा केली.