डेड एअर

स्टुडिओतला लाल दिवा लागला आणि कडूबाईची वाचाच बसली.

टेबलापलीकडे निवेदक सिद्धोधन. केंद्राचा फोन नंबर सांगून त्यानं माईक तिच्याकडे सरकवला होता. पेडगावहून येताना जीपमध्ये तिनं सगळं घोकलं होतं. बाप रागाच्या भरात बोलला, मनावर घेऊ नको. बारावीत नापास झालीस म्हणून काय आभाळ कोसळलं? घरी ये. आता त्यातला एक शब्द ओठावर येईना.

लेक वैष्णवी घर सोडून गेली ती मोबाईल उशाखाली ठेवून. परभणीच्या बाजारात कुणीतरी तिला ओझरतं पाहिलं, एवढाच धागा. तेव्हापासून कडूबाई बसस्टँड धुंडाळत होती आणि बाप विहिरी. हे लहानसं रेडिओ केंद्र शहरात दुकानोदुकानी लागतं असं कळलं, म्हणून ती इथं आली. बुडत्याला काडीचा आधार.

सिद्धोधननं माईक तिच्या आणखी जवळ सरकवला. रेडिओवाल्यांच्या लेखी पाप एकच, डेड एअर. प्रसारण चालू आणि आवाज गायब. ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ बिघडला, तो सरळ दुसरं स्टेशन लावतो.

तेवढ्यात कडूबाई उठली. तोंडाशी दोन्ही हात धरून, शेताच्या बांधावरून मारावी तशी तिनं हाक मारली.

"वैष्णेऽऽऽ!"

सिद्धोधन दचकून मागं सरला. आणि मग पुन्हा काहीच नाही. कडूबाई मान तिरकी करून, डोळे मिटून उभी. गाण्याच्या बटणाकडे हात नेत तो कुजबुजला, "मावशी, बोला की काहीतरी. आसं गप राहिलं तर लोक रेडिओ बंद करतेत."

"गप रे लेकरा," ती डोळे न उघडताच म्हणाली. "हाक मारली की थांबावं लागतंय. न्हाईतर तिनं ओ दिल्याली कशी ऐकू येईल?"

रेडिओतून आवाज नुसता जातो, येत नाही, हे या बाईला कोणत्या तोंडानं सांगावं? त्याला धीर झाला नाही. त्यानं बटणावरचा हात काढून घेतला. परभणीभर रेडिओ मुके झाले. तो बसून राहिला, आता नोकरी जाणार असं मनाशी म्हणत.

फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडे कुणी बोलेना, नुसते हुंदके. सिद्धोधननं फोन स्पीकरवर टाकला आणि माईकजवळ धरला.

"ओऽऽ!"