वीस जुलैचा दिनविशेष

पेणच्या खाडीकाठी आमचं गाव. गावच्या ग्रुपवर रोज दिनविशेष टाकायचा मान माझा, म्हणजे पुंडलिकचा. गेल्या वीस जुलैला 'आजच्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला' असं लिहून मी यानाचा फोटो शोधत होतो.

सगुणा ओरडली, "अवो, आज पुनव हाय, मोठं उधाण येल! बांधाची उघाडी लावायची पाळी आपली नाय का?"

"जातो गो, एवढं चंद्राचं आटपू दे."

भरती थांबली नाही. खारं पाणी उघाडीच्या उघड्या राहिलेल्या झडपेतून थेट आमच्याच भाताच्या लावणीत शिरलं आणि आठवडाभर मुक्कामाला राहिलं. त्यात चंद्र मात्र झकास दिसायचा.

यंदा वीस जुलैला मी मुद्दाम गप्प बसलो. तर शेजारच्या कान्हूने दिनविशेष टाकला :

'आजच्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला, आणि चंद्र पुंडलिकच्या शेतात.'