कामथडीचा सवाल

तीन ओळी झाल्या होत्या आणि चौथी काही केल्या सापडत नव्हती.

ज्ञानूच्या खळ्यावर तिघे दोस्त बसले होते. खेळ नेहमीचाच. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी तिला पुढची जोडायची, अडला त्याने सगळ्यांची चिलीम भरायची. ज्ञानूने सुरुवात केली, "हाक मारता धावून येई, पाय नाही त्याला." सोनबाने लगेच जोडलं, "जे मी बोले तेच बोले, तोंड नाही त्याला." गेनबाने मांडीवर थाप मारली, "डोंगराच्या घरी राही, भिंत नाही त्याला."

मग तिघेही अडले, आणि चिलीम कुणी भरायची यावरून वाद लागला.

पण ओळ सापडायलाच हवी होती. जत्रेच्या बारीत, म्हणजे शाहिरांच्या सामन्यात, सारोळ्याच्या फडाला घालायचा हा त्यांच्या कामथडीचा सवाल. उत्तर कवनातच, त्याच चालीत, डफ थांबायच्या आत द्यायचं. जमलं नाही त्याने डफ खाली ठेवायचा आणि परत कधी उभं राहायचं नाही. दोघांनाही जमलं तर बरोबरी, आणि पुढची बारी दुसऱ्याच्या गावी.

गेली कित्येक वर्षं नुसती बरोबरीच चालली होती. दर जत्रेला एक फड बायकापोरं गाडीत घालून दुसऱ्याच्या गावी जाई आणि तसाच परत येई. ज्ञानूच्या बायकोला, धोंडाबाईला, त्याचं काही वाटत नसे. सारोळ्याच्या सावळाराम शाहिराची बायको चंद्राबाई तिच्याच माहेरची, पालीची. तेवढीच वर्षातून एकदा भेट. ज्ञानूला मात्र वीट आला होता. वडिलांचा डफ पणाला लावून औंदा सावळारामाला कायमचा गप्प करायचा त्याने विडाच उचलला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धोंडाबाई जात्यावर गात होती आणि ज्ञानू अर्धवट झोपेत होता. तो एकदम ताडकन उठून बसला आणि पटका न बांधताच गेनबाकडे पळाला.

"बोलणारा गेला निघून, जीव नाही त्याला," तो धापा टाकत म्हणाला. "सपनात आली. देवानंच दिली म्हण."

गेनबा आनंदाने उड्या मारायचा तेवढा राहिला. सवाल बाहेर फुटू द्यायचा नाही, अशी तिघांनी शपथ घेतली. गेनबाची सासुरवाडी सारोळ्याची, म्हणून जत्रेपर्यंत त्याला सासरी जायची बंदी झाली. त्याने कुरकुर केली, पण ऐकलं.

कामथडीच्या जत्रेत कुस्त्या आटोपल्या आणि सगळी गर्दी डफाकडे लोटली. ज्ञानूने सवाल टाकला. चौथ्या ओळीला त्याने आवाज असा काही चढवला की लोकांनी पटके उडवले. सावळारामाने डोळे मिटले. आता हा संपला, असं ज्ञानूला वाटलं.

सावळारामाने डोळे उघडले आणि तो गाऊ लागला, "कड्यावरनं परत आली तुझीच हाक तुला, पडसाद त्याचं नाव शाहिरा, अजून काय हवं तुला."

गर्दी बेभान झाली. ज्ञानूने वळून गेनबाकडे असं पाहिलं की तो बिचारा मागे सरला.

"म्या न्हाई," गेनबा म्हणाला. "पोराची आण."

सारोळ्याचा सवाल तर याहून वाकडा निघाला. ज्ञानूच्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांचा डफ आता जाणार, हे त्याने धरलंच. आणि कसं कोण जाणे, डफ थांबता थांबता ओळी त्याच्या ओठांवर आल्या, ओळखीच्या असल्यासारख्या. तो गायला आणि त्याचं त्यालाच खरं वाटेना.

पंचांनी बरोबरी सांगितली. पुढची बारी सारोळ्यात. ज्ञानू आणि सावळाराम एकमेकांकडे न बघता आपापल्या माणसांच्या खांद्यांवर बसून मिरवत गेले.

इकडे सारोळ्याच्या गाडीजवळ दोघी मैत्रिणीच राहिल्या होत्या.

"मधल्या दोन ओळी आपल्या नव्हत्या गं," चंद्राबाई हळूच म्हणाली. "म्या सालभर जात्यावर आपलाच सवाल-जबाब गात व्हते. धन्याचा जबाब चुकतोय का काय, आसं झालं."

"सोनबा-गेनबानं घुसडल्या त्या," धोंडाबाई म्हणाली. "बरं, बैलं जुपायच्या आत पुढल्या साली दोघांनीबी काय गायचं त्ये जुळवू. पैली ओळ तू टाक."