गाल तेवढा

आमच्याकडे अंत्यविधीला, पाव्हणे जेवायला येतात तिथं, मांडायचा फोटो माणसं हयातीतच काढून ठेवतात, म्हणजे मेल्यावर धांदल नको. समोरच्या शहरातला इन्ग्यु फोटोवाला आमच्या बेटावर म्हाताऱ्यांचे असे फोटो फुकट काढायला आला, तेव्हा एकट्या मान्बोकनं दार उघडलं नाही. मासेमारीच्या बोटीला लागलेल्या आगीत त्याचा गाल भाजला होता आणि तेव्हापासून तो माणसांत येत नसे.

"अहो फोटोवाले, हे तोंड मांडलं तर पाव्हणे न जेवता पळतील!" तो आतून ओरडला.

"मी बसेन की जेवायला," इन्ग्यु म्हणाला.

आणि खरंच बसला. पुढे कित्येक वर्षं तो दर रविवारी लाँचनं यायचा, मान्बोकच्या हातचे मासे खायचा आणि निघताना त्या भाजलेल्या गालाचा मुका घ्यायचा. गाव म्हणायचं, फोटोवाल्याला मासे फार आवडतात.

मान्बोक गेला. सोलहून आलेला त्याचा भाऊ घरात सापडलेला फोटो घेऊन समोरच्या शहरातल्या एकुलत्या एक फोटोच्या दुकानात, इन्ग्युच्याच, शिरला.

"गाल तेवढा साफ करून द्या. पोरीचं लग्न जमतंय, व्याही येणारेत. आणि हसतोय बघा कसा! आम्ही जन्मात ह्याला हसताना पाहिलं नाही."

इन्ग्युनं गाल साफ करून दिला.

"वा! आता कसा माणसात आला! तुमची ओळख होती का हो ह्याच्याशी?"



इन्ग्यु फोटोतल्या त्या गुळगुळीत गालाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही हो. ह्या माणसाला मी कधी पाहिलेलंच नाही."