बर्फावरचा मिशाळ

शूटिंग आटोपून व्हर्ना मेकअपच्या खोलीत गारठलेले पाय शेकत बसली होती आणि नवऱ्याचं पत्र मोठ्यानं वाचत होती. हार्लन दीड वर्षापासून पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर लढत होता. तिथं माडांना पडदा बांधून सैनिकांना नेमका तिचाच मागचा सिनेमा दाखवला होता.

"आम्ही इथं चिखलात मरतोय, आणि तो धडधाकट मिशाळ तुझ्या कमरेत हात घालून बर्फावर गिरक्या घेतोय! त्याला बरं कुणी युद्धावर धाडत नाही! वर लेकाचा स्केटिंगही अगदी माझ्यासारखं करतो. कोण आहे तो? परत आलो की आधी त्याची तंगडी मोडतो."

व्हर्नानं कपाळाला हात लावला. "आता याला काय कळवू?" तिनं शेजारी बसलेल्या, सिनेमातल्या त्याच मिशाळ जोडीदाराला विचारलं.


जोडीदारानं आरशात बघत ओठावरची मिशी हलकेच सोलून काढली. "माझ्या नावानं लिही वहिनी, 'दादा, स्टुडिओतले सगळे पुरुष तिकडे तुझ्याबरोबरच आहेत. गावच्या तळ्यावर ज्या धाकट्या बहिणीला तूच स्केटिंग शिकवलंस, तिचीच तंगडी मोडणार का?'"